घोड्याला पाणी कोण पाजतं? काऊबॉयची प्रेमकथा निवडण्याआधी

लेकीच्या बाळंतपणाला डॅलसजवळ सहा महिने राहिले. नात दुपारी दोन तास झोपायची, तेवढाच वेळ माझा. चालत जाता येईल एवढ्या अंतरावर लायब्ररी होती आणि लेकीच्या कार्डावर हवी तेवढी पुस्तकं मिळायची. टेक्सासात आहोत तर इथलंच काहीतरी वाचू, म्हणून एक काऊबॉयची प्रेमकथा उचलली. मुखपृष्ठावर टोपी घातलेला उघडाबंब गडी आणि मागे मावळता सूर्य. लेक म्हणाली, "आई, तू हे वाचणार?" मी म्हटलं, "गादीखाली लपवून कादंबऱ्या वाचत वाढलोय आम्ही, मला काय सांगतेस!"

चार दुपारी वाया गेल्या. पुस्तक पांचट निघालं.

परत आल्यावर भिशीत हे रडगाणं गायले, तर झालं भलतंच. एकीचं जूनमध्ये मुलाकडे कोलोरॅडोला जायचं ठरलेलं, दुसरीला सुनेने किंडल दिलेला. दोघींचं एकच, "वाईट कुठलं ते कळलं, आता चांगलं कुठलं ते सांग." मग हट्टाला पेटून चार पुस्तकं वाचली. तीन जुनी, एक त्या मानाने नवं. ही तुलना त्या दोघींसाठी आणि अशाच कुणासाठी, जिला या वाटेला जायचं आहे पण पहिलंच पाऊल शेणात पडायला नको आहे.

नापास पुस्तकाचं नाव सांगत नाही. त्याच साच्यातली पुस्तकं त्या लायब्ररीत एक अख्खी फळी भरून होती, एकट्या बाईला कशाला बदनाम करू. साचा असा: बोस्टनची एक अनाथ, सुशिक्षित मुलगी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून हजारो मैलांवरच्या अनोळखी रँचवाल्याशी, म्हणजे गुरं पाळणाऱ्या मोठ्या माळरानाच्या मालकाशी, लग्न करायला निघते. तो विधुर, अबोल, जखमी मनाचा. तीनशे पानांनंतर तो बोलू लागतो. संपलं.

आता माझी अडचण सांगते. माझं माहेर आटपाडीकडचं, माणदेशातलं. आमच्याकडे खिल्लार होती. एक मोठं जनावर दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात त्याहून जास्त, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. ते पाणी विहिरीतून कोण शेंदणार यावर घरात भांडणं व्हायची. त्यामुळे पाचशे गाई असलेला नायक पुस्तकभर खिडकीत उभा राहून क्षितिजाकडे बघताना दिसला, की मला त्याच्या डोळ्यातलं दुःख दिसतच नाही. मी विचारते, बाबा रे, गाई पाण्यावर कोण घेऊन गेलंय? नायिका गाडीतून उतरते, तो तिला उचलून घोड्यावर बसवतो, दोघं चाळीस मैल जातात, रात्री शेकोटी पेटते, नजरानजर होते. घोड्याला कुणी पाणी दाखवत नाही. सकाळी तोच घोडा टवटवीत!

हे खुसपट काढणं नाही. त्या मुलखात माणसं एकमेकांजवळ आली ती कामातून आली. कामच काढून टाकलं तर दोन देखणी माणसं एका खोलीत उरतात आणि त्यांनी बोलू नये म्हणून लेखिकेला काहीतरी कारण शोधावं लागतं. इथे तिने शोधलं ते असं: नायिका एका पत्राचं अर्धं पान वाचते आणि उरलेलं अर्धं न वाचताच रुसते. तो रुसवा ऐंशी पानं चालतो. "हे पत्र कुणाचं?" एवढं विचारलं असतं तर पुस्तक निम्म्यात संपलं असतं.

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते वासराच्या जन्माच्या प्रसंगाने. रात्र, वादळ, गाय अडलेली. पांढऱ्या झग्यातली नायिका गोठ्यात येते, गाईच्या कपाळावर हात ठेवते, कानात काहीतरी पुटपुटते आणि दहा ओळींत वासरू उभं. झग्यावर डाग नाही. मी नऊ वर्षांची असताना कंदील धरून उभी राहिले आहे अशा रात्री. आजोबांनी कोपरापर्यंत हाताला तेल चोपडलं, आत हात घालून पाय चाचपले, पुढच्या दोन पायांना दाव्याचा फास टाकला आणि गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, मध्ये नाही, असं चुलत्याला दरडावलं. वासरू बाहेर आलं तेव्हा सगळ्यांच्या अंगावर चिकटा होता, आणि त्यानंतरही कुणी झोपायला गेलं नाही, कारण वार पडायची होती. ती पडेपर्यंत बसायचं आणि गाईने खायच्या आत उचलून पुरायची. पहाटे चहा झाला. आजी आजोबांच्या पाठीवर गरम पाणी ओतत होती, एक शब्दही न बोलता. आयुष्यात मी पाहिलेला सगळ्यात प्रेमाचा प्रसंग तो. त्या अमेरिकन बाईच्या हातात नेमका तोच प्रसंग आला होता आणि तिने झगा पांढरा ठेवला.

आणखी एक. गोष्ट 1872 सालची आणि रँचभोवती काटेरी तारेचं कुंपण! जोसेफ ग्लिडनला त्याच्या काटेरी तारेचं पेटंट मिळालं 1874 मध्ये. दोन वर्षं आधीच तार लागली तर लागली, पण त्या तारेनेच पुढे मोकळं माळरान बंद झालं, पाण्याच्या वाटा अडल्या, माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. ज्याच्यावर आख्खी कादंबरी उभी राहावी असा प्रश्न हिने शोभेला लावला.

लेकीने एका रविवारी फोर्ट वर्थला नेलं. तिथल्या जुन्या स्टॉकयार्ड्समध्ये, म्हणजे गुरांच्या बाजारात, रोज दोनदा लाँगहॉर्न गुरांचा छोटा कळप रस्त्यावरून चालवत नेतात, पर्यटकांसाठी. मला वाटलं होतं धुरळा उडवत धावतील. कसलं काय, आमची जनावरं संध्याकाळी घरी यायची तशी डुलत डुलत आली. शिंगं मात्र खिल्लारीला लाजवतील अशी, आडवी पसरलेली. बाजूने घोड्यावरची माणसं अगदी निवांत, कारण जनावर पळवलं की वजन उतरतं आणि वजनाचेच पैसे. खऱ्या काळात टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत कळप जायचे ते दिवसाला दहा-पंधरा मैलांच्या चालीने, दोन-तीन महिने, दोन-अडीच हजार गुरांमागे जेमतेम डझनभर माणसं. पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर. त्यातले कितीतरी कृष्णवर्णीय, कितीतरी मेक्सिकन. लॅसो (दोराचा फास), रँच, रोडिओ (गुराख्यांचे खेळ) हे शब्दच मुळात स्पॅनिश. माझ्या नापास पुस्तकात सगळे गोरे आणि सगळ्यांच्या दाढ्या रोज केलेल्या.

आता चांगल्यांकडे वळते. सुरुवात त्या पुस्तकापासून, जे कादंबरीच नाही.

एलिनोर प्रुइट स्ट्युअर्ट नावाच्या बाईची पत्रं आहेत, 1914 मध्ये पुस्तकरूपाने आलेली. इंग्रजी नाव 'लेटर्स ऑफ अ वुमन होमस्टेडर'. बाई डेन्व्हरमध्ये लोकांचे कपडे धुऊन पोट भरत होती, पदरात लहान मुलगी. 1909 मध्ये ती वायोमिंगमधल्या बर्न्ट फोर्क इथे क्लाइड स्ट्युअर्ट नावाच्या रँचवाल्याकडे घर सांभाळायला गेली. चोवीस तास आगगाडीत आणि त्यापुढे दोन दिवस घोडागाडीत. जाऊन तिने त्याच्या जमिनीला लागून स्वतःच्या नावावर जमीन मागितली. 1862 च्या होमस्टेड कायद्याने एकट्या बाईलाही 160 एकरांवर दावा सांगता यायचा. आणि थोड्याच आठवड्यांत तिने त्या स्ट्युअर्टशीच लग्न केलं.

म्हणजे बघा, नापास पुस्तकातलीच गोष्ट. एकटी बाई, दूरची रँच, अनोळखी पुरुष. फक्त ही खरी घडलेली. लग्न इतकं घाईत उरकलं की बाई स्वयंपाकाच्या एप्रनमध्ये आणि झिजलेल्या बुटांत उभी राहिली. पत्रात ती लिहिते की रँचची कामंच अशी होती की लग्न आधी करावं लागलं, प्रेमात पडण्याचं नंतर बघू म्हणून ठेवलं. हे वाचून मी मोठ्याने हसले. आपल्या आज्या-पणज्यांनी याहून वेगळं काय केलं? नापास पुस्तकाच्या लेखिकेला जे साहस वाटतं ते आपल्याकडे घरोघरी झालेलं आहे, आणि त्यातली भीती, त्यातली गंमत, दोन्ही आपल्याला आतून ठाऊक आहे. म्हणून मराठी बाईला हे पुस्तक परकं वाटणार नाही, अशी माझी खात्री.

त्यातलं गवत कापण्याचं पत्र आधी वाचा. गवत कापणीला आलेलं, माणूस मिळत नाही, नवरा माणसं शोधायला बाहेर गेलेला. हिला लहानपणापासून कापणीचं यंत्र चालवता येतं, पण बायकी नाही म्हणून नवऱ्याला आवडणार नाही या भीतीने गप्प बसलेली. शेवटी घोडे जुंपते आणि कापायला लागते. नवरा परत येतो तो रिकाम्या हाताने, आणि बघतो तर गवत पडलेलं. पुढे काय झालं ते तिथेच वाचा. त्या दोघांचं एकमेकांवर प्रेम बसलंय हे तिने कुठेही लिहिलेलं नाही, पण तुम्हाला कळतं.

उणं काय? पत्रं असल्यामुळे कथानकाची ओढ नाही. शेजारपाजारच्यांच्या गोष्टी मध्येच येतात आणि त्यातल्या काही नक्कीच मीठमसाला लावून रंगवलेल्या वाटतात. नवरा पडद्याआडच राहतो. तापलेली नजर, थरथरते ओठ वगैरे हवं असेल तर इथे भाकरी आहे, बर्फी नाही.

बर्फी हवी असेल तर झेन ग्रे. 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज', 1912. हा माणूस शिक्षणाने दंतवैद्य. गोष्ट 1871 च्या यूटातली. जेन विदरस्टीन ही वारसाने श्रीमंत झालेली मॉर्मन बाई. मॉर्मन हा एक ख्रिस्ती पंथ, त्यात तेव्हा बहुपत्नीत्व चालायचं. तिच्याकडे गुरं, घोडे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आख्ख्या वस्तीला पाणी पुरवणारा झरा. धर्माचे पुढारी तिला त्यांच्यातल्या एकाशी, आधीच बायका असलेल्याशी, लग्न करायला भाग पाडू बघतात. ती नाही म्हणते. मग एकेक करून तिची माणसं, तिचे कळप नाहीसे होऊ लागतात. तेवढ्यात काळ्या कातडी कपड्यांतला लॅसिटर नावाचा बंदूकबाज येतो.

माझ्या पाण्याच्या परीक्षेत हे पुस्तक पहिल्याच पानांत पास झालं. झरा ज्याचा त्याची वस्ती, हे माणदेशात कुणाला समजावून सांगायला नको. जेनवर प्रेम करणारे आणि तिला छळणारे, दोघांचीही नजर त्या पाण्याला ओलांडून जाऊ शकत नाही. बिथरलेल्या कळपाला लॅसिटर एकटा घोडा घालून गोल गोल फिरवत आवरतो तो प्रसंग आणि पुढे घोड्यांची एक लांबच लांब शर्यत, या दोन जागा वाचताना मी चहा गार केला. एक नाही तर दोन प्रेमकथा आहेत, दुसरी एका लपलेल्या दरीत घडते आणि ती जरा जास्तच परीकथेसारखी आहे.

पण भाषा! जांभळं सेज (माळावरचं वासाचं झुडूप), जांभळ्या सावल्या, जांभळा डोंगर, जांभळी संध्याकाळ. पन्नासाव्या पानापर्यंत मला आवडलं, नंतर वाटलं आता एखादी हिरवी भाजी तरी दाखवा. माणसं बोलतात तीही नाटक कंपनीतल्यासारखी. शिवाय मॉर्मन लोकांचं चित्र अगदी एकतर्फी, खलनायकी काळ्या शाईत. त्यांच्या चर्चने बहुपत्नीत्व सोडत असल्याचं 1890 मध्ये जाहीर केलं, ग्रेने लिहिलं त्यानंतर वीसेक वर्षांनी, म्हणजे वाचकांच्या मनात तो राग ताजा होता आणि त्याने तो वापरला. एवढं मनात ठेवून वाचावं.

'द व्हर्जिनियन' याच्या दहा वर्षं आधीचं. ओवेन विस्टर, 1902. आज आपण जो काऊबॉय ओळखतो, कमी बोलणारा, बाईशी अदबीने वागणारा, चिडला की आवाज आणखी हळू करणारा, तो बऱ्याच अंशी इथून निघाला. विस्टर फिलाडेल्फियाचा, हार्वर्डमध्ये शिकलेला, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा मित्र. पुस्तक अर्पण केलंय तेही रूझवेल्टलाच. नायकाला शेवटपर्यंत नावच नाही. नायिका मॉली वूड व्हरमाँटहून वायोमिंगला शिक्षिका म्हणून येते. पहिली भेट अशी की दारुड्या गाडीवानाने गाडी नदीत घातलेली, हा घोड्यावरून येतो, तिला उचलून काठावर ठेवतो आणि निघून जातो. जाताना तिचा रुमाल लंपास.

इथून पुढे नापास पुस्तकाशी ताडून बघण्यासारखं आहे. दोन्हीकडे शिकलेली मुलगी आणि न शिकलेला मर्द. नापास पुस्तकात तिची पुस्तकं ट्रंकेत राहतात. इथे मॉली त्याला पुस्तकं वाचायला देते, तो वाचून येतो आणि वाद घालतो, त्याची मतं तिच्याहून वेगळी आणि कधीकधी बरी निघतात. दोघांचं जुळतं ते अशा भांडणांतून. तिच्या माहेरी जेव्हा कळतं की पोरीने गुराखी पसंत केलाय तेव्हा जो हलकल्लोळ उडतो, तो सदाशिव पेठेतही असाच उडाला असता. एक म्हातारी आत्याबाई तेवढी शहाणी.

विनोदही आहे. नाचाच्या रात्री पाळण्यातली बाळं एका बाजूला झोपवून आईबाप नाचतायत आणि हा नि याचा दोस्त बाळांची दुपटी-कपडे अदलाबदल करून ठेवतात. आयांनी अंधारात आपलं म्हणून दुसऱ्याचंच पोर घरी नेलं! मग एक बेडकांच्या शेतीची भलीमोठी थाप आहे. ती सांगण्यामागे काम आहे, रेल्वेने शिकागोला गुरं पोचवून परतणाऱ्या, पळून जायच्या बेतातल्या माणसांना एकत्र ठेवायचंय.

गंमत म्हणजे माझ्या परीक्षेत हे पुस्तक काठावर पास. पुस्तकभर गाई शोधाव्या लागतात. पण त्याऐवजी एक वेगळी किंमत मोजलेली दिसते. गुरं चोरणाऱ्यांना फासावर देणाऱ्यांत नायक असतो आणि चोरांत त्याचा जिवलग मित्र. ते प्रकरण वाचल्यावर मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं. विस्टर या फाशीचं समर्थन करतो, एका न्यायाधीशाच्या तोंडून मॉलीला ते समजावतोही. मला पटलं नाही. वायोमिंगमध्ये 1892 साली मोठ्या रँचवाल्यांनी भाडोत्री माणसं आणून लहान शेतकऱ्यांवर हल्ला केला होता, जॉन्सन काउंटीत, चोरीच्याच नावाखाली. विस्टरची सगळी सहानुभूती मोठ्यांच्या बाजूला आहे. भिशीत वाद घालायला मात्र हेच पुस्तक घ्या.

आणि उरलं 'लोनसम डव्ह'. लॅरी मॅकमर्ट्री, 1985, पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार. साडेआठशेच्या आसपास पानं, उशाला घेता येईल एवढं. प्रेमकथा म्हणून हे कुणी विकत नाही, पण प्रेम कसलं असतं ते मला या पाचांत इथेच सगळ्यात जास्त कळलं. टेक्सासच्या दक्षिण टोकाला एका फुफाट्यात दोन म्हातारे होऊ घातलेले माजी रेंजर, म्हणजे टेक्सासच्या सशस्त्र पोलीस दलातले, गस आणि कॉल. एक दिवसभर बोलणारा, एक दिवसभर राबणारा. कुणाच्या तरी बोलण्यावरून कॉलच्या डोक्यात येतं की कळप घेऊन मोंटानाला जायचं. गस निघतो, तो वाटेत नेब्रास्कात राहणाऱ्या क्लाराला बघायला. तिने त्याला तरुणपणी नकार दिलेला.

ही क्लारा येते पुस्तक बरंच पुढे गेल्यावर. नवरा घोडीची लाथ डोक्याला लागून अंथरुणाला खिळलेला, तीन मुलगे गेलेले, दोन मुली पदरात, आणि घोड्यांचा व्यवहार बाई स्वतः बघते. गस दारात येतो तेव्हा तिच्या जिवाला आनंद होतो हे खरं, पण नवऱ्याला कूस बदलून द्यायची असते, चादरी बदलायच्या असतात. ती ते करता करता बोलते. इतक्या वर्षांचं प्रेम आणि त्याच खोलीत आजारी माणसाचा वास. नापास पुस्तकातल्या विधुराने तीनशे पानांत सांगितलं नाही ते इथे दोन पानांत येतं. क्लाराने त्याला नाही का म्हटलं होतं, तेही ती सांगते, आणि मला ते उत्तर शंभर टक्के पटलं. गस मला फार आवडला. लग्न मीही केलं नसतं.

लेखकाचे वडील आणि चुलते रँचवरचे, हे पानापानाला कळतं. घोडा दमतो, बूट भिजतात, स्वयंपाक्या नसला तर जेवणाचे हाल होतात. कळपाच्या पुढे वाट आणि पाणी शोधत जाणारा डीट्स हा कृष्णवर्णीय माणूस या पुस्तकातला सगळ्यात शहाणा माणूस आहे. पाणी कुठे आहे हे ज्याला ठाऊक त्याच्या जिवावर सगळे, हे मॅकमर्ट्री विसरत नाही. कोरड्या पट्ट्यातून तहानलेला कळप नेतात ते वाचताना मला चारा छावणीतल्या दावणी आठवल्या.

पण आधीच सांगून ठेवते, हे पुस्तक निर्दय आहे. माणसं मरतात, अचानक, कुठल्याही पानावर, ज्यांच्यात जीव गुंतला ती आधी. लोरीना नावाच्या मुलीवर जे अत्याचार होतात ती पानं मी एका नजरेने पुढे ढकलली. झोपायच्या आधी वाचायचं असेल तर विचार करा. आणि सुरुवातीला धीर धरा. कळप हलायला खूप वेळ लागतो, तोवर डुकरं, पोर्चवरच्या गप्पा आणि विहीर खणणं. माझ्या विहिणीने तिथेच सोडलं. मी म्हटलं, अगं विहीर खणतायत, तेच तर वाचायचं!

आदिवासींच्या बाबतीत मात्र पाचही पुस्तकांत हात आखडता आहे. कुठे ते धोका म्हणून येतात, कुठे दूरवरची आकृती म्हणून, कुठे येतच नाहीत. ज्यांची जमीन होती त्यांच्या घरात प्रेम कसं होतं, ते यांच्यापैकी कुणी विचारत नाही.

व्यवहाराचं. व्हर्जिनियन, पर्पल सेज आणि एलिनोरबाईंची पत्रं, तिन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात, फोनवर उतरवून घेता येतात. लोनसम डव्ह विकत किंवा लायब्ररीतून. इंग्रजी सोपं म्हणाल तर पत्रांचं. पर्पल सेजमध्ये शब्द अवघड नाहीत, वाक्यं फुलारलेली. व्हर्जिनियनमध्ये गुराख्यांची बोली कानाला लावून वाचावी लागते, जरा मोठ्याने वाचलं की उलगडते. लोनसम डव्हचं इंग्रजी साधं, फक्त माणसं खूप, मी वहीच्या मागच्या पानावर नावं लिहून ठेवली होती.

तर कोलोरॅडोला निघालेलीला मी पत्रं दिली. विमानात एकेक पत्र वाचायचं, झोपायचं, आणि उतरल्यावर डेन्व्हरच्या बाजूलाच, जिथून ती बाई निघाली. किंडलवालीला विचारलं, रडायची तयारी आहे का? ती म्हणाली, घरात रोज मालिका बघून रडतेच. मग पर्पल सेज, कारण मालिकेच्या सवयीला ते सोसेल. ते आवडलं आणि आणखी हवं वाटलं तर व्हर्जिनियन. लोनसम डव्ह मी कुणालाच देत नाही. ज्याचं त्याने आपणहून उचलावं, नंतर माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत.

एक कबुली राहिली. नापास पुस्तकात एक पान आहे. नायिका रँचवर आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला फडताळात पहिल्या बायकोचा पत्र्याचा डबा सापडतो, बटणांचा. ती जमिनीवर बसून बटणं आकाराप्रमाणे वेगळी लावते, दोन सारखी मिळतात का बघते, एक फुटकं बाजूला काढते, मग सगळी होती तशी मिसळून डबा जागेवर ठेवते. पुढे त्या डब्याचं काहीच होत नाही, लेखिका त्याला विसरते. मी नाही विसरले. लायब्ररीत ते पान उभ्या उभ्या वाचून या म्हणाले असते, पण नाव सांगायचं नाही असं मीच ठरवून बसले आहे.